सोसायटीचं सामाईक वीजबिल कमी करायचंय, पण पैसा कुठून आणायचा?

म्हाडा-सिडकोच्या छोट्या घरांच्या सोसायट्यांत सामाईक वीजबिल हा मेंटेनन्समधला बोचणारा आकडा असतो. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे एकाच मीटरवर चालतात. मीटर निवासी वर्गात असला तरी युनिट इतके होतात की बहुतेक बिल वरच्या टप्प्याच्या दराने येतं. पैसा वाचवायची जागा हीच आहे. महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी वेगवेगळं सोलर घेण्यात फारसा अर्थ नसतो.

सामाईक मीटरवर सोलर बसवायला सरकारी अनुदान मिळतं. त्याचा अर्ज भरण्याआधी बिलावर दोन गोष्टी बघा. पहिली, नाव. सामाईक मीटर पुष्कळदा अजून म्हाडा-सिडकोच्या, बिल्डरच्या किंवा मुख्य प्रवर्तकाच्या नावावर असतो. अनुदान संस्थेच्या बँक खात्यात यायचं असेल, तर बिलावर आणि खात्यावर एकच नाव हवं. ‘को-ऑप. हौ. सो.’ आणि ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ एवढ्या फरकानेही अर्ज अडकतो, म्हणून नावबदल आधी उरकून घ्या. दुसरी, मंजूर भार. भार ७ किलोवॅट असताना १२ किलोवॅटचा प्रकल्प मागितला, तर आधी भारवाढ करावी लागते.

आता ९६ घरांच्या वसाहतीचं उदाहरण घेऊ. सामाईक वापर महिन्याला २,४०० युनिट. जिन्यात आणि पॅसेजमध्ये चोकवाल्या जुन्या ६० ट्यूब आहेत. चोक धरून एक ट्यूब सुमारे ५० वॅट खाते, तिच्या जागची एलईडी २० वॅट. रोज १२ तास दिवे लागत असतील, तर महिन्याला जवळजवळ ६५० युनिट वाचतात. तेवढी वीज सोलरवर करायची म्हटली, तर साडेपाच किलोवॅटची पॅनेल लागतील, म्हणजे तीन लाखांच्या आसपास खर्च. साठ एलईडी ट्यूब पंधरा-अठरा हजारांत येतात आणि तो खर्च दुरुस्ती-देखभाल निधीतून करता येतो. म्हणून आधी एलईडी, मग पंपाची तपासणी, आणि उरलेल्या वापराएवढंच सोलर. उलट्या क्रमाने गेलात तर गरज नसलेली पॅनेल गच्चीवर चढतात. वापरून उरलेल्या, वीज कंपनीकडे गेलेल्या जादा युनिटचा हिशोब आर्थिक वर्षाच्या अखेरीस होतो आणि त्याला मिळणारा दर तुम्ही भरता त्या दराच्या जवळपासही नसतो.

एलईडीनंतर १,७५० युनिट उरतात. महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर महिन्याला साधारण १२० युनिट देतं आणि त्याला शंभर चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते. १२ किलोवॅट म्हणजे १,४४० युनिट. पाण्याच्या टाक्यांच्या वर येईल असा उंच सांगाडा धरून किलोवॅटमागे ६०,००० रुपये पकडा. एकूण ७ लाख २० हजार.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सुविधांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. मर्यादा घरटी ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट. सभासदांनी स्वतंत्रपणे बसवलेलं सोलरही या मर्यादेत मोजलं जातं. आपल्या उदाहरणात २ लाख १६ हजार अनुदान आणि संस्थेचे ५ लाख ४ हजार, म्हणजे घरटी ५,२५०. वरच्या टप्प्याचा दर १० रुपये धरला तर महिन्याला १४,४०० वाचतात आणि संस्थेचे पैसे तीन वर्षांत सुटतात. स्थिर आकार कमी होत नाही, तो या हिशोबात धरू नका. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

गाडी अडते ती अनुदान उशिरा येतं म्हणून. ते प्रकल्प सुरू झाल्यावर जमा होतं, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. सिंकिंग फंडाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण उपविधींप्रमाणे तो पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. सर्वसाधारण सभेचा ठराव, वास्तुविशारदाचा दाखला आणि निबंधकांची परवानगी लागते. सोलर त्यात बसवायला गेलात तर लेखापरीक्षक शेरा मारेल. बँकेच्या कर्जालाही मर्यादा आहे. प्रचलित सूत्र म्हणजे भरणा झालेलं भागभांडवल आणि राखीव व इमारत निधी, वजा संचित तोटा, यांच्या दहापट. ९६ सभासदांचे प्रत्येकी ५०० रुपयांचे भाग म्हणजे ४८,०००. राखीव निधी तुटपुंजा असेल तर पाच लाखांच्या आतच हात थांबतो. तुमच्या उपविधीत काय आहे ते उपनिबंधक कार्यालयात विचारून घ्या. आमचं मत: सहा हप्त्यांत समान वर्गणी घ्या आणि फक्त अनुदानाएवढ्या रकमेसाठी अल्पमुदतीचं कर्ज काढा.

पैसाच नसेल तर रेस्को हा मार्ग आहे. कंपनी खर्च करते, तुम्ही युनिटप्रमाणे पैसे देता. करार पंधरा-पंचवीस वर्षांचा असतो, म्हणून पुनर्विकास झाल्यास पॅनेल कोण काढणार आणि भरपाई किती, हे कलम आधी वाचा. पाच-सात वर्षांत पुनर्विकासाची चिन्हं असतील तर एलईडी आणि पंपांवरच थांबा. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीमागे धावण्यात वेळ जातो. कंपन्यांना सीएसआर-१ नोंदणी असलेली संस्था लागते, गृहनिर्माण सोसायटी त्यात बसत नाही.

विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस द्या. ठरावात क्षमता, खर्चाची कमाल रक्कम, पैसा कुठून येणार, कोणत्या खात्यात अनुदान जमा होणार आणि सह्या कोणाच्या हे सगळं लिहा. ‘सोलर बसवण्यास मंजुरी’ एवढ्यावर बँक कर्ज देत नाही.

पुढचं काम सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर: नोंदणी, वीज कंपनीची तांत्रिक मान्यता (१० किलोवॅटपर्यंत ही पायरी लागत नाही), नोंदणीकृत विक्रेत्याशी करार, उभारणी, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा), शेवटी बँक तपशील. पॅनेल देशी सेलची, म्हणजे डीसीआर नसतील तर अनुदान मिळत नाही. कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ हा शब्द आणि बिलावर पॅनेलचे सिरीयल नंबर मागा. तीन कोटेशन घ्याल तेव्हा सांगाड्याची उंची आणि अर्थिंगचे खड्डे (एसी, डीसी आणि आकाशातली वीज अडवणारा तडितरोधक मिळून तीन) तिघांनाही सारखेच सांगा, नाहीतर स्वस्त वाटणाऱ्या कोटेशनमध्ये यातलंच काहीतरी कमी केलेलं असतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करा. सांगाडा उभा राहिल्यावर गळती निघाली तर विक्रेता आणि वॉटरप्रूफिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवतात.

पैसे टप्प्याने द्या आणि किमान दहा टक्के नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडेच असते, ती करारात लिहून घ्या. पुण्यात असाल तर महापालिकेच्या सामान्य करातील ५ ते १० टक्के सवलतीसाठीही अर्ज करा. पहिलं बिल आलं की आयात आणि निर्यात हे दोन्ही आकडे इन्व्हर्टरच्या नोंदीशी ताडून बघा. निर्यात शून्य दिसली तर मीटरच्या जोडणीत घोळ आहे, लगेच लेखी तक्रार द्या.