टॅबवरून ब्लूज बेस शिकताना

टॅब म्हणजे बेस गिटारवर बोट कुठे ठेवायचे ते आकड्यांनी दाखवणारे लेखन; ते वाचायला शिकणे फारसे अवघड नाही. चार आडव्या रेषा म्हणजे बेसच्या चार तारा. सर्वांत खालची रेषा जाड ई तारेची आणि तिच्यावर क्रमाने ए, डी व जी. रेषेवरचा आकडा फ्रेटचा, म्हणजे बेसच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या घराचा, असतो आणि शून्य आले की तार मोकळी वाजवायची. मात्र या आकड्यांवरून बोट कुठे ठेवायचे एवढेच कळते. स्वर नेमका केव्हा लागावा आणि किती वेळ टिकावा हे बहुतेक टॅबमध्ये लिहिलेले नसते, आणि ब्लूजचा सारा जीव तर त्यातच आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून मात्रा मोठ्याने मोजत वाजवावे.

ए पट्टीतली दोन बारची ही ओळ घ्यावी. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा आणि प्रत्येक मात्रेला एक स्वर आहे.

जी |----------------|----------------|
डी |-------------४--|-५---४----------|
ए  |-----४---७------|---------७---४--|
ई  |-५--------------|----------------|

तर्जनी चौथ्या फ्रेटवर, मधले बोट पाचव्यावर आणि करंगळी सातव्यावर ठेवली, की हात न सरकवता पूर्ण ओळ वाजते. ए हा सा मानला, तर हे स्वर सा, ग, प, ध, कोमल नी आणि परतताना ध, प, ग असे आहेत. आकड्यांपेक्षा स्वरांचे हे नाते पक्के करावे, कारण हीच आकृती ए तारेच्या पाचव्या फ्रेटपासून वाजवली की डी कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची) ओळ मिळते आणि सातव्यापासून वाजवली की ई कॉर्डची.

बारा बारच्या नेहमीच्या ब्लूजमध्ये पहिले चार बार ए, पुढचे दोन डी, पुन्हा दोन ए आणि मग ई, डी, ए, ई असा एकेक बार येतो. शेवटच्या चार बारांत कॉर्ड दर बारला बदलत असल्याने आकृतीचा पहिला अर्धा भागच वाजवावा. बहुतेकांची गाडी इथेच अडते, तेव्हा हे चार बार वेगळे काढून, मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून घोटावेत.

हात बसला की शफल या झुलत्या लयीकडे वळावे आणि प्रत्येक स्वर मात्रेत दोनदा वाजवावा. त्यासाठी मात्रेचे तीन समान भाग मनात धरायचे. पहिला आघात दोन भाग टिकतो आणि दुसरा उरलेल्या एका भागात येतो. टॅबमध्ये हे दोन आकडे सारख्याच अंतरावर छापलेले दिसतात, पण तसेच सरळ वाजवले तर एकही आकडा न चुकता ब्लूज हरवतो. स्वर थांबवताना बोट तारेवरून उचलू नये. दाब सैल करून शेजारची बोटेही तारेवर अलगद टेकवावीत, म्हणजे नको असलेला गुंजनाद उरत नाही. ब्लूज बेसवादक विली डिक्सन यांनी १९५० च्या दशकात शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या कंपनीसाठी वाजवलेला उभा बेस या दृष्टीने लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे.

यानंतर कॉर्ड बदलण्याआधीच्या शेवटच्या मात्रेकडे पाहावे. वरच्या ओळीचा शेवटचा स्वर, ए तारेचा चौथा फ्रेट, हा डीच्या एकच फ्रेट खाली आहे; त्यामुळे चौथ्या बारमधून पाचव्यात जाणे इतके सहज वाटते. हीच युक्ती इतरत्रही वापरता येते. सहाव्या बारच्या शेवटी ई तारेचा चौथा फ्रेट वाजवून ए वर परतावे, आणि आठव्याच्या शेवटी ए तारेचा सहावा किंवा आठवा फ्रेट घेऊन ई गाठावा.