एक पाकीट भरलं की मुलगा थांबून राहायचा: माझा अनुभव

मुलगा २२ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे. ओळखीतून मसाला पॅकिंगचं काम मिळालं (२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४ टक्के आरक्षण सरकारी जागांना आहे, इथे त्याचा उपयोग नव्हता). घरच्या सरावात सगळं नीट. तिथे मात्र एक पाकीट सील केलं की हात मांडीवर ठेवून बसायचा. कुणी 'पुढचं घे' म्हटलं की लगेच घ्यायचा.

मोबाइलचा गजर लावला, तर तो गजराची वाट बघायला लागला. चित्रांचा तक्ता तोंडपाठ झाला, हात हलेना. एकदा तर मी रिक्षात रडले.

घोळ माझाच होता. घरी प्रत्येक पाकिटाला मी 'हं' म्हणत होते. तो 'हं' त्याच्या कामाचाच भाग झाला होता.

मग असं केलं. समोर १० कप्प्यांचा ट्रे, डावीकडे मोजून १० रिकामी पाकिटं, त्यांच्या तळाशी सुपरवायझर ताईंचा फोटो. रिकामा कप्पा दिसतोय तोवर भरायचं. फोटो दिसला की हातातलं पाकीट भरून ट्रे ताईंकडे न्यायचा. बोलायचं कुणीच नाही, शेजारच्या बायकांनीसुद्धा नाही (हे सगळ्यांत अवघड गेलं). तो थांबला तर मी मनात ५ आकडे मोजायचे. पहिल्या आठवड्यात त्यानंतर कोपराला हलका स्पर्श, दुसऱ्यात कप्प्याकडे नुसतं बोट, तिसऱ्यात मी दाराशी. शाबासकी ट्रे भरल्यावरच.

चौथ्या आठवड्यात मी गेटबाहेर. पुढे ट्रे २० कप्प्यांचा केला, तेव्हा दोन दिवस परत बोट दाखवावं लागलं.