यीस्टला आम्ल सोसायला लावायचं, तर सुरुवात जीनपासून नको

लातूर, नांदेड, परभणीकडची बायोटेक्नॉलॉजीची मुलं आम्ल सोसणाऱ्या यीस्टच्या प्रोजेक्टसाठी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, जीन कोणता घेऊ?" मी म्हणतो, जीन राहू दे, आधी आम्ल समजून घे. या विषयात इतकी वर्षं काढल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

विषय आपल्या दारातलाच आहे. डिस्टिलरीत मळी आंबवताना जिवाणू शिरले की लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल तयार होतं आणि यीस्ट मंदावतं. उसाच्या चिपाडापासून इथेनॉल काढायला गेलं तर चिपाडातूनच ॲसेटिक आम्ल सुटतं.

आता गाभ्याचं. ॲसेटिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू फुटलेले असतात तो आकडा, 4.76. पीएच 4.5 ला त्याचे साधारण 65 टक्के रेणू अखंड, म्हणजे प्रोटॉन न सोडलेले, असतात, पीएच 6 ला जेमतेम 5 टक्के. पेशीत सहज घुसतात ते अखंड रेणूच. आतला पीएच 7 च्या आसपास, त्यामुळे तिथे ते फुटतात, प्रोटॉन सुटतात आणि पीएमए1 नावाचा पेशीच्या आवरणातला पंप एटीपी हे पेशीचं इंधन जाळून ते बाहेर फेकत बसतो. वाढीसाठी ऊर्जा उरतच नाही. म्हणजे तेवढंच आम्ल एका पीएचला यीस्टला आडवं करतं, दुसऱ्याला त्याला फरकही पडत नाही. पीएच न लिहिलेली प्रयोगवही मी वाचतच नाही.

हे डोक्यात बसलं की जीन आपोआप सुचतात. एचएए1 हा जीन जास्त प्रमाणात चालवला तर आम्लाशी झुंजणारे बरेच जीन एकदम जागे होतात. एफपीएस1 हा पेशीच्या आवरणातल्या वाटेचा जीन काढून टाकला तर आम्लाची आत यायची एक वाट बंद होते. पण ग्लिसरॉल बाहेर जातं तेही त्याच वाटेनं, तेव्हा दुसरीकडे काय बिघडलं तेही तपासा.

यीस्ट वाढवायची आगरची प्लेट ओतताना एक सांभाळा. आम्ल घालून आगर ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलं, तर ते नीट गोठत नाही. आगर वेगळं ऑटोक्लेव्ह करा, हाताला सोसेल इतकं निवू द्या, मग आम्ल घाला आणि पीएच तपासा. यीस्ट दहा-दहा पट पातळ करत थेंब ठेवा. शेजारी रिकामा प्लाझमिड (जीन पेशीत नेणारं डीएनएचं कडं) घातलेलं यीस्ट हवंच, नाहीतर फरक जीनचा की प्लाझमिडचा, हे कळायला मार्ग नाही.

सुरुवात बीवाय4741 सारख्या प्रयोगशाळेतल्या वाणावर करा. त्यात युआरए3 मार्कर, म्हणजे प्लाझमिड शिरलेल्या पेशी निवडायला लागणारा खुणेचा जीन, चालतो. डिस्टिलरीच्या वाणांत बहुधा चालत नाही, तिथे प्लाझमिड नसलेल्या पेशी मारणारं जी418 सारखं औषध लागतं. शिवाय जनुकीय बदल केलेल्या जीवांबाबतच्या 1989 च्या नियमांप्रमाणे अशा कामाला संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते.

तालुक्याच्या कॉलेजात ती नसेल तरी अडून बसू नका. डिस्टिलरीतलं यीस्ट मागून आणा, आम्ल थोडं थोडं वाढवत पिढ्यानपिढ्या वाढवा आणि जे तगेल ते मूळ यीस्टशेजारी त्याच प्लेटवर लावून बघा. यात बाहेरचा जीन घालायचाच नसतो.