शून्य रोधाच्या आलेखात दडलेले भोवरे

अतिसंवाहक पातळ फिल्मवरचे माझे पहिले मापन झाले, तेव्हा क्रांतिक तापमानाखाली, म्हणजे ज्याखाली पदार्थ अतिसंवाहक बनतो त्या तापमानाखाली, विद्युत् रोध शून्यावर उतरलेला पाहून मुख्य काम संपले असे मी समजलो होतो. प्रत्यक्षात पुढची कित्येक वर्षे मी जे शिकलो ते सगळे त्या शून्याच्या आतच होते, आणि या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यानेही तिथूनच सुरुवात करावी असे मला वाटते.

दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकात चुंबकीय क्षेत्र भोवऱ्यांच्या, म्हणजे भोवती प्रवाह फिरत असलेल्या बारीक नळ्यांच्या, रूपाने शिरते. प्रत्येक भोवऱ्यात नेमका एक फ्लक्स क्वांटम, म्हणजे चुंबकीय प्रवाहाचा सर्वांत लहान, सुमारे २.०७ फेम्टोवेबरचा एकक, असतो. त्यांची नियमित जाळी बनेल हे अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये मांडले. १ टेस्ला क्षेत्रात शेजारच्या दोन भोवऱ्यांमधले अंतर जेमतेम ४९ नॅनोमीटर भरते. फिल्ममधून प्रवाह सोडला की लॉरेन्ट्झ बल त्यांना आडवे ढकलते. ते सरकले की विद्युत् क्षेत्र निर्माण होते, भोवऱ्यांच्या गाभ्यातील सामान्य (अतिसंवाहक नसलेले) इलेक्ट्रॉन त्यात ऊर्जा घेतात आणि ती उष्णतेत जाते. बार्डीन आणि स्टीफन यांच्या १९६५ च्या प्रारूपानुसार असा प्रवाही रोध सामान्य अवस्थेतल्या रोधाच्या तितकाच अंश असतो, जितका लावलेले क्षेत्र हे वरच्या क्रांतिक क्षेत्राचा, म्हणजे ज्यापुढे अतिसंवाहकता संपते त्या क्षेत्राचा, अंश असते. भोवऱ्यांना अडवून धरतात ते फिल्ममधले दोष, म्हणजे पिनिंग. अगदी निर्दोष फिल्म या कामी निरुपयोगी ठरते, ही गंमत पचायला मला वेळ लागला.

एक हिशेब मात्र स्वतः करून पाहावा. विद्युत् क्षेत्र म्हणजे भोवऱ्यांचा वेग गुणिले चुंबकीय क्षेत्र. क्रांतिक प्रवाह, म्हणजे रोध न दिसता वाहू शकणारा कमाल प्रवाह, ठरवताना सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट हा निकष सर्रास वापरतात. १ टेस्ला क्षेत्रात त्याचा अर्थ भोवरे सेकंदाला ०.१ मिलिमीटर वेगाने धावत आहेत असा होतो. म्हणजे या आकड्यापाशी भोवरे हलायला लागतात असे नाही, तर त्यांची हालचाल आपल्या व्होल्टमापकाला जाणवू लागते. त्याखालीही उष्णतेच्या धक्क्यांनी ते एका दोषावरून दुसऱ्यावर उड्या मारत असतात. म्हणून प्रवाह आणि व्होल्टता यांचा आलेख नेहमी लघुगणकी अक्षांवर काढावा. साध्या अक्षांवर जो भाग सपाट दिसतो, तिथेच खरी माहिती असते.

ठोकळ्याची सूत्रे पातळ फिल्मला जशीच्या तशी लावू नयेत. पर्ल यांनी १९६४ मध्ये दाखवल्याप्रमाणे फिल्मची जाडी भेदन-खोलीपेक्षा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात जितके आत शिरते त्या अंतरापेक्षा, कमी झाली, की भोवऱ्याचे प्रवाह दूरवर पसरतात. भेदन-खोली १०० नॅनोमीटर आणि जाडी १० नॅनोमीटर असेल तर ही पसरण २ मायक्रोमीटरांपर्यंत जाते.

माझी सर्वांत महागडी चूक उष्णतेबाबत झाली. प्रवाह वाढवताना व्होल्टतेत अचानक उडी दिसली आणि लार्किन व ओव्हचिनिकोव्ह यांनी १९७५ मध्ये वर्तवलेली वेगवान भोवऱ्यांची अस्थिरता मला सापडली, अशी माझी खात्री झाली. दोन महिने मी त्या आलेखावर सिद्धान्त बसवत राहिलो. मग एकदा सततच्या प्रवाहाऐवजी मायक्रोसेकंदांच्या पल्स वापरल्या, तर पल्स जितकी आखूड तितकी उडी वरच्या प्रवाहाकडे सरकली. तापत होते ते माझे जोड. तेव्हापासून पल्सची लांबी बदलून पाहिल्याखेरीज कोणत्याही उडीला मी नाव देत नाही, चार टोकांचीच जोडणी (प्रवाहाची आणि व्होल्टतेची टोके वेगळी) करतो आणि तापमानातील फरकामुळे येणारी औष्णिक व्होल्टता वजा करण्यासाठी प्रत्येक बिंदूवर प्रवाहाची दिशा उलटवून सरासरी घेतो.

दुसरा सापळा थंड करतानाचा. पृथ्वीचे सुमारे ५० मायक्रोटेस्लाचे क्षेत्र फिल्मला लंब असेल, तर तेवढ्यानेही साधारण ७ मायक्रोमीटर अंतरावर भोवरे अडकून बसू शकतात आणि सूक्ष्मतरंग अनुनादकात ते पुढे ऊर्जा खात राहतात. पट्टी अरुंद असेल तर थंड होताना ते बाहेर पडतात. १० मायक्रोमीटर रुंदीसाठी हा उंबरठा २० मायक्रोटेस्लाच्या आसपास येतो. त्यामुळे चुंबकीय कवच थंड करण्याआधीच बसवावे लागते, आणि मोठे क्षेत्र लावून झाल्यावर पुन्हा शून्य क्षेत्रातले मापन हवे असेल, तर नमुना क्रांतिक तापमानाच्या वर नेऊन, चुंबकातले उरलेले क्षेत्र घालवून, मगच परत थंड करावा लागतो. यात अर्धा दिवस जातो, पण तो वाचवायला गेलो तेव्हा प्रत्येक वेळी आठवडाभराची मापने टाकून द्यावी लागली.