ह्यांना आत घ्यायचं तर बाहेर कोणाला काढायचं? कॉलेज व्हॉलीबॉलच्या सिलेक्शनवर नीट भांडायची रीत

थँक्सगिव्हिंगचा वीकेंड आला की अमेरिकेतल्या कॉलेज व्हॉलीबॉल बघणाऱ्यांना टर्कीपेक्षा रविवारची जास्त घाई असते, कारण त्या दिवशी एनसीएएचा (तिथल्या कॉलेज खेळांची संघटना) ब्रॅकेट, म्हणजे राष्ट्रीय टूर्नामेंटचा तक्ता लागतो आणि कोण आत, कोण बाहेर ते कळतं. मी मुलींच्या डिव्हिजन वनबद्दल बोलतोय. तिथे ६४ टीम घेतात आणि हा आकडा १९९८ पासून हलला नाहीये. म्हणजे एक आत घेतली की एक बाहेर, मधला रस्ता नाही. आणि बहुतेक लोक नेमकं हेच विसरून भांडतात.

मीही विसरायचो. एका वर्षी एका टीमसाठी मी पार घसा बसेपर्यंत भांडत होतो, अरे २६ मॅच जिंकल्यात त्यांनी, अजून काय पाहिजे, वगैरे. समोरच्या मित्राने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, घेतलं त्यांना. आता बाहेर कोणाला काढू?" माझी बोलती बंद. माझ्याकडे नावच नव्हतं. ती टीम आली नाही, आणि नंतर त्यांचं शेड्यूल नीट बघितल्यावर मलाच कळलं की मी केवढं पोकळ बोलत होतो. तेव्हापासून माझा नियम एकच, समोरच्या टीमचं नाव घेतल्याशिवाय आपल्या टीमची बाजू मांडायची नाही.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे जागा मोजा. ६४ पैकी साधारण निम्म्या जागा ऑटोमॅटिक बिडच्या, म्हणजे प्रत्येक कॉन्फरन्सचा (आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) चॅम्पियन थेट आत. त्यांच्याबद्दल वाद घालून काही उपयोग नाही, छोट्या कॉन्फरन्सचा चॅम्पियन तुमच्या टीमपेक्षा कच्चा असेल पण ती जागा त्याने कोर्टवर मिळवलीये. उरलेल्या ॲट-लार्ज, म्हणजे खुल्या जागा एनसीएएची सिलेक्शन कमिटी देते. त्यातल्याही बऱ्याच आधीच पक्क्या असतात, टॉपच्या टीमांबद्दल कोणी वाद घालत नाही. खरी मारामारी शेवटच्या पाच-सहा जागांसाठी, तिथे एका कागदावर आत येऊ शकणाऱ्या दहा-बारा टीमांची नावं लिहून काढा आणि त्यांच्यापलीकडे जाऊच नका.

हा कागद शनिवारपर्यंत पेन्सिलीनेच लिहायचा हं, कारण चोर येतात. एखाद्या कॉन्फरन्समध्ये वर्षभर पहिल्या नंबरवर असलेली टीम कॉन्फरन्स टूर्नामेंटच्या फायनलला हरली, तर जिंकणारी ऑटोमॅटिक आत, आणि हरलेली टीम जर एकूणात भारी असेल तर ती ॲट-लार्जमधून आत. एकाच कॉन्फरन्सच्या दोन टीम गेल्या, आणि तुमच्या बबलवरच्या, म्हणजे आत-बाहेरच्या काठावरच्या टीमची जागा न खेळता गेली. बिग टेन ह्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये हा धोका नसतो, तिथे टूर्नामेंट होत नाही, सीझनभर जो वर राहिला तो चॅम्पियन. एसईसी ह्या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सने मात्र २०२५ मध्ये टूर्नामेंट परत सुरू केली. तिथल्या टॉपच्या टीम तशाही आत असतात म्हणा, पण जिथे एकच टीम ॲट-लार्जच्या लायकीची असते अशा कॉन्फरन्सच्या फायनल बबलवाल्याने जीव मुठीत धरून बघायच्या.

आता मुख्य गोष्ट, आरपीआय, म्हणजे टीमांची तुलना करायला कमिटी बघते तो आकडा. ह्या आकड्याला शिव्या सगळे देतात पण तो काढतात कसा हे दहातल्या दोघांना माहिती असतं. मूळ हिशोब सोपा आहे. तुमची स्वतःची जिंकण्याची टक्केवारी धरायची २५ टक्के, तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या टक्केवारीची सरासरी ५० टक्के (तुमच्याशी झालेल्या मॅच वगळून), आणि त्यांच्याशी जे खेळले त्यांची सरासरी उरलेले २५. म्हणजे अर्धा आकडा तुम्ही कोणाशी खेळलात ह्यावर ठरतो. सेट किती जिंकले, २५-९ ने उडवलं की पाचव्या सेटला १६-१४ वर जीव वाचवला, आरपीआयला काही फरक पडत नाही. जिंकलं म्हणजे जिंकलं.

दोन कल्पित टीम घ्या आणि एकदा हाताने करून बघा, आयुष्यभर लक्षात राहील. अ टीम २४-६ (२४ जिंकल्या, ६ हरल्या), म्हणजे .८००. पण समोरच्यांची सरासरी .४५०, आणि त्यांच्या समोरच्यांची .५००. हिशोब: .२०० अधिक .२२५ अधिक .१२५, एकूण .५५०. ब टीम १८-१२, म्हणजे फक्त .६००, पण समोरचे .५८० आणि त्यांचे समोरचे .५५०. त्यांचं झालं .१५० अधिक .२९० अधिक .१३७५, म्हणजे .५७७५. सहा मॅच जास्त हरूनही ब टीम आरामात पुढे. अजून मजा बघा. अ टीमने सीझनच्या शेवटी अजून एक मॅच खेळली, समोरची टीम इतरांविरुद्ध ३-२५, आणि अ टीमने ती सहज जिंकली. रेकॉर्ड २५-६ झालं, पण समोरच्यांची सरासरी .४३९ वर घसरली, आणि तिसरा भाग तसाच धरला तर आरपीआय .५५० वरून .५४६ वर आला. जिंकून खाली! माझ्या त्या २६ विजयवाल्या टीमचं अगदी हेच झालं होतं. निम्म्या मॅच अशाच टीमांशी होत्या आणि मी फक्त डावीकडचा, विजयांचा आकडा वाचत बसलो होतो.

ह्यातूनच दुसरा मुद्दा निघतो जो वादात सोन्यासारखा चालतो पण फार कमी लोक काढतात. कॉन्फरन्समधल्या टीम आपापसात खेळतात तेव्हा एक जिंकते, एक हरते, एकूण बेरीज कायम निम्मी. मग एखादी कॉन्फरन्स आरपीआयमध्ये वर कशी येते? बाहेरच्यांशी झालेल्या मॅचमधून. आणि त्या बहुतेक सगळ्या ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये होतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये तुमच्या टीमने जो घाम गाळला त्याची किंमत सप्टेंबरमध्येच ठरलेली असते, तीही अर्धी शेजारच्या टीमांनी ठरवलेली. बिग टेनमधली मधल्या फळीतली टीम भारी दिसते त्यात हा वाटा मोठा आहे. म्हणून छोट्या कॉन्फरन्सच्या टीमची बाजू घेणार असाल तर आधी सप्टेंबर उघडा. तेव्हा त्यांनी बाहेर जाऊन कोणाला हरवलं? किमान बाहेर गेले तरी का? मोठ्या टीम अशा टीमांच्या घरी खेळायला येत नाहीत ही तक्रार खरीच आहे, मला ती पटते, पण नुसती तक्रार करून कागदावर विजय चढत नाही.

कॉन्फरन्स रेकॉर्ड एकमेकांसमोर ठेवतानाही जपून. २०२४ पासून बिग टेनमध्ये १८ टीम आणि कॉन्फरन्सच्या २० मॅच. म्हणजे १७ जणांशी एकदा तरी, आणि तिघांशी दोनदा. ते तीन कोण हे बघा! एकाला नेब्रास्का किंवा पेन स्टेटसारखी तगडी टीम दोनदा आणि दुसऱ्याला तळातली टीम दोनदा, तर दोघांचं १०-१० सारखं कसं म्हणायचं?

आता समोरासमोरची मांडणी. तुमची टीम आणि ज्यांना बाहेर काढायचंय ती टीम, दोन रकाने. आधी, दोघी एकमेकींशी खेळल्या का. खेळल्या असतील तर कुठे, कधी, आणि तेव्हा कोणाची मुख्य सेटर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) बाहेर होती का. सेटर नसताना हरणं आणि चौथी मिडल ब्लॉकर नसताना हरणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, "आमच्या पण दुखापती होत्या" म्हणून दोन्ही एका तागडीत टाकू नका. मग दोघींनी खेळलेल्या सामाईक टीम. मग चांगले विजय आणि वाईट हार, आणि इथे प्रामाणिक राहा, आपल्या टीमची सप्टेंबरमधली लाजिरवाणी हार स्वतःच आधी सांगून टाका. समोरच्याने काढली तर वाद तिथेच संपतो, तुम्ही काढली तर निदान दोन वाक्यं बोलायला मिळतात. आणि हो, ॲट-लार्जसाठी निदान जितक्या हरल्या तितक्या जिंकलेल्या असायला लागतात. १४-१५ वाल्या टीमने कितीही मोठे अपसेट केले असले तरी तो विषय काढून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

काय बोलायचं नाही तेही सांगतो. कोचेस पोल. एव्हीसीएचा (कोचेसची संघटना) पोल वाचायला छान असतो, कमिटीच्या निकषात तो नाही. जुनी पुण्याई. पेन स्टेटने २००७ ते २०१० मध्ये सलग १०९ मॅच जिंकल्या, तो विक्रम डोक्यावर घेऊन नाचा, पण ह्या वर्षीच्या सिलेक्शनमध्ये त्याचे शून्य गुण. प्रेक्षक. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्काने फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियममध्ये कोर्ट टाकून ९२,००३ लोक जमवले, अंगावर काटा आला होता ते बघताना, पण गर्दीला बिड मिळत नाही. (नेब्रास्काला गर्दीची गरज पण नाही, ते असो.)

एक घोळ मात्र सगळ्यात जास्त होतो आणि त्याच्यामुळे तासन्‌तास भांडून लोक एकमेकांना पटतच नाहीत. "भारी टीम कोण" आणि "कमाई कोणाची जास्त" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उद्या न्यूट्रल कोर्टवर खेळवलं तर कोण जिंकेल हा पहिला प्रश्न. त्यासाठी पाब्लोसारखी रेटिंग्ज आहेत, ती पॉइंट्स बघतात, त्यामुळे पाच सेटमध्ये थोडक्यात हरलेली टीम तिथे वर दिसू शकते. वर्षभरात कोणी कोणाला हरवून दाखवलं हा दुसरा प्रश्न, आणि कमिटीचा भर त्याच्यावर. माझं वैयक्तिक मत कमाईच्या बाजूचं आहे, "आमची टीम थोडक्यात हरते" हे सात वेळा ऐकलं की मला त्यात कौतुक दिसायचं बंद होतं. तुमचं मत उलट असू शकतं, हरकत नाही, पण बोलायच्या आधी आपण कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते ठरवून टाका आणि मग आपल्या टीमला एक आणि दुसऱ्याच्या टीमला दुसरा निकष लावू नका.

ब्रॅकेट लागल्यावर तीन भांडणं वेगवेगळी ठेवा: आत घेतलं का, सीड (मानांकन) कितवा दिला, आणि पाठवलं कुठे. सीड ३२ टीमांना मिळतो (२०२२ पासून, आधी १६ च होते), आणि पहिल्या दोन राउंड टॉप १६ च्या घरी होतात. सीड नसलेल्यांना कुठे टाकायचं त्यात भूगोल फार येतो. ४०० मैलांच्या आत असाल तर बसने जायचं, बाहेर असाल तर विमानाचा खर्च, आणि एकाच कॉन्फरन्सच्या टीम पहिल्या दोन राउंडमध्ये भिडू नयेत हेही सांभाळायचं. त्यामुळे "आम्हाला मुद्दाम ह्यांच्या घरी ढकललं" हे बहुतेक वेळा खरं नसतं, तुम्ही फक्त जवळ राहता. हवाईवाल्यांना मात्र ह्या बाबतीत रडायचा पूर्ण हक्क आहे, त्यांच्यापासून ४०० मैलांत समुद्रच आहे.

कमिटीवर सेटिंगचा आरोप करायच्या आधी एक लक्षात घ्या, एखाद्या सदस्याच्या स्वतःच्या टीमचा विषय निघाला की त्याला खोलीबाहेर जावं लागतं. चुका होतात, पण त्या बहुतेक आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवल्याने होतात. तशी चूक पकडली तर दोन रकाने समोर ठेवून बोला, लोक ऐकतात.

आणि टूर्नामेंट सुरू झाल्यावर निकाल दाखवून "बघा, मी म्हणत होतो ना" करू नका, तिथे फसगत होते. २०२५ मध्ये तोवर एकही मॅच न हरलेल्या नेब्रास्काला टेक्सास ए अँड एमने त्यांच्याच घरी, लिंकनमध्ये जाऊन पाच सेटमध्ये हरवलं आणि पुढे टायटलही नेलं. म्हणून नेब्रास्काला टॉप सीड देणं चूक होतं का? सिलेक्शनच्या रविवारी दिसत होतं त्यावरून तरी अजिबात नाही.

ज्यांची टीम बाहेर राहिली त्यांनी त्या रात्री दुसरी टूर्नामेंट लागते का ते बघायचं, एनआयव्हीसी म्हणून २०१७ पासून परत सुरू झालीये. तिथे डिसेंबरात चार मॅच मिळाल्या तर पुढच्या वर्षीच्या पोरींना खेळायला मिळतं. आणि दोन रकान्यांचा कागद फेकू नका. पुढच्या ऑगस्टमध्ये शेड्यूल जाहीर झालं की तो काढून त्यातली ३-२५ वाली टीम परत बोलावलीये का ते आधी बघा. मी बघतो. गेल्या वेळी बोलावली होती, दोनदा.