जुन्या १३०० इंजिनासाठी फोर्ज्ड पिस्टन कसे निवडावेत

एस्टीम आणि जिप्सीच्या नंतरच्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाड्यांमध्ये आलेलं १६ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी इंजिन आजही हौशी लोक रॅलीसाठी, ऑटोक्रॉससाठी खोलतात. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५ मिमी. खिसा बेताचा असताना याचे पिस्टन कसे निवडायचे, ते क्रमाने पाहू. दुसरं इंजिन असेल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

१. फोर्ज्ड लागतात का, ते आधी ठरवा

फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेले, पिस्टन घातल्याने गाडीची ताकद वाढत नाही. ते फक्त जास्त मार सोसतात. नॉकिंग झालं (पेट्रोल अवेळी भडकून सिलिंडरात ठोके पडले) की ओतीव पिस्टनची रिंगांमधली कड तुटते, फोर्ज्ड तिथे बराच वेळ तग धरतो. टर्बो बसवणार असाल, कॉम्प्रेशन (सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) चांगलंच वाढवणार असाल किंवा इंजिन सतत रेडलाइनजवळ फिरवणार असाल, तरच हा खर्च करा. साध्या कॅम-एक्झॉस्टच्या कामाला कंपनीचे ओतीव पिस्टन पुरतात. उरलेले पैसे बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं), होनिंग (त्याची भिंत बारीक घासून मापात आणणं) आणि ट्यूनिंगला लावा, कारण चुकीच्या इग्निशन टायमिंगपुढे महागडा पिस्टनही टिकत नाही.

२. धातू निवडा

फोर्ज्डमध्ये दोन मिश्रधातू मुख्य आहेत. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के असतं. तो तापल्यावर कमी फुगतो, त्यामुळे बोअरमध्ये घट्ट बसवता येतो आणि थंड इंजिनात फारसा आवाज करत नाही. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतंच. तो चिवट असतो, पटकन तडकत नाही, पण फुगतो जास्त. म्हणून क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) जास्त ठेवावा लागतो आणि सकाळी गाडी सुरू केली की गरम होईपर्यंत खडखडते. ढोबळमानाने ४०३२ ला ०.०५ मिमीच्या आसपास आणि २६१८ ला ०.०७५ ते ०.१ मिमी क्लिअरन्स लागतो, पण अखेरचा आकडा पिस्टनसोबतच्या कागदावरचाच धरायचा. रोज चालणाऱ्या, टर्बो नसलेल्या गाडीला माझं मत ४०३२ ला. जास्त बूस्टचा टर्बो असेल तर २६१८.

३. ब्लॉक मोजा, मग ऑर्डर द्या

पिस्टन स्वस्तात मिळाले म्हणून आधी घेऊन ठेवू नका. ब्लॉक धुऊन बोअर गेजने प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून घ्या. झीज आणि ओरखडे ज्या ओव्हरसाइजमध्ये (मूळपेक्षा मोठ्या मापात) निघून जातील, त्यातली सर्वांत लहान निवडा. ०.५ मिमीत काम होत असेल तर १ मिमीचा मोह नको. ७५ मिमी बोअर केला तरी चारही सिलिंडर मिळून जेमतेम ३५ सीसी वाढतात. त्या बदल्यात ब्लॉकची भिंत पातळ होते आणि पुढच्या वेळी रिबोअरला जागा उरत नाही.

ऑर्डरनंतर पिस्टन हातात येईपर्यंत अंतिम बोअरिंग करायचं नाही. लेथवाल्याला चारही पिस्टन द्या. कागदावर दिलेल्या उंचीवर, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) मोजून प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनप्रमाणे होन करायला सांगा. ‘कंपनीच्या मापाने करून टाकतो’ म्हणाला तर दुसरा शोधा. त्या मापात फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर सीज होईल, म्हणजे बोअरमध्ये अडकून बसेल.

४. कॉम्प्रेशनचं गणित घरी करा

एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन एका धावेत व्यापतो ती जागा) सुमारे ३२४.७ सीसी. ९.५ कॉम्प्रेशनला पिस्टन टीडीसीवर (सर्वांत वरच्या टोकाला) असताना वर एकूण ३८.२ सीसी जागा हवी, १०.५ ला ३४.२ सीसी. म्हणजे सगळा फरक ४ सीसीचा! म्हणूनच ‘हाय कॉम्प्रेशन पिस्टन’ एवढ्या वर्णनावर खरेदी करायची नाही. डोम (पिस्टनच्या माथ्यावरचा फुगवटा) किंवा डिश (माथ्यावरचा खड्डा) किती सीसीचा आणि कॉम्प्रेशन हाइट (पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची) किती, हे विचारा. हेडचा चेंबर स्वतः मोजा. व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं ठेवा, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी चिकटवा आणि मेडिकलमधल्या सिरिंजने पातळ तेल भरत मोजा. हेड प्लेन केलं असेल तर ते नंतर मोजा. गॅस्केटच्या जाडीतली जागाही धरायला विसरू नका. नेहमीच्या पेट्रोलवर चालवायची गाडी असेल तर कॉम्प्रेशनची हाव धरू नका. १०० ऑक्टेनचं पेट्रोल पंपावर मिळतं, पण ते सगळीकडे नसतं आणि महागही पडतं.

५. बाकीचं जुळतंय का बघा

स्विफ्ट जीटीआयच्या ट्विन-कॅम इंजिनाचा बोअर-स्ट्रोकही हाच आहे, म्हणून त्याचे पिस्टन ‘बसतील’ असं सांगणारे भेटतात. हेड वेगळं, व्हॉल्व्हचे कोन वेगळे. पिस्टनवरचे व्हॉल्व्हचे खाचे तुमच्या हेडशी जुळले पाहिजेत. खात्रीसाठी पिस्टनवर प्लॅस्टिसिन (खेळण्याची मऊ माती) लावा, हेड तात्पुरतं कसा, टायमिंग बसवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, मग खोलून सर्वांत पातळ जागा मोजा. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी तरी उरावेत.

गजन पिनचा व्यास आणि बसवण्याची पद्धतही बघा. फ्लोटिंग पिन (रॉडमध्ये घट्ट न ठोकता मोकळी फिरणारी) असेल तर जुन्या कनेक्टिंग रॉडला बुश बसवावा लागू शकतो, आणि हा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत. चारही पिस्टन पिनसकट वजन करा, फरक एका ग्रॅमच्या आत हवा.

रिंगांचा गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने तपासा. या बोअरला टर्बोशिवाय ०.३३ मिमी, टर्बोला ०.४ मिमीच्या पुढे, अर्थात कागदावर वेगळं असेल तर कागद खरा.

आणखी एक, बोअर वाढला की सीसी बदलतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार चालत नाही, तेव्हा रस्त्यावरच्या गाडीबाबत आरटीओत आधी विचारा.

इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर ऑइल प्रेशर आणि गळती तपासा, पण तासभर आयडलवर ठेवू नका. रिंगा लोडखाली बसतात. मिनरल ऑइल घाला, मध्यम लोडवर वेग वाढवत-सोडत चालवा आणि पहिलं ऑइल व फिल्टर लवकर बदला.