जुनी रेसची फियाट घरी उभी करताय? या चुका टाळा

कबाडातून जुनी रेसची गाडी आणली की पोट्ट्यांना एकच घाई असते, एकदा आवाज ऐकायचा. व्हिडिओ काढायचा, ग्रुपवर टाकायचा. मग गाडी वर्षभर कोठ्यात ताडपत्रीखाली पडून राहते, कारण त्या आवाजाच्या नादातच इंजिनाचा निकाल लागलेला असतो.

बंद इंजिनाला ट्रॅक्टर लावणे

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. हिंगणघाटकडच्या एका पोट्ट्यानं फियाट ११०० आणली. इंजिन तेच १०८९ सीसीचं, पण रेससाठी तयार केलेलं. कार्बोरेटरवर एअर फिल्टर नाही, तोंड सताड उघडं, आणि गाडी कित्येक पावसाळे गळक्या टिनाखाली उभी. मी म्हटलं, आधी प्लग काढ. तर म्हणे, "काही होत नाही नं काका, ट्रॅक्टरनं थोडी ओढू, चालू होते." तिसरा गिअर टाकला, दोर ताणला, क्लच सोडला. आतून एक ठोका आला, मागची चाकं जागीच जाम होऊन मातीत घासत गेली.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडल्यावर सगळं दिसलं. एका सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, त्यात कार्बोरेटरवाटे पावसाचं पाणी उतरलेलं. पाणी काही दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, त्याला जागा मिळाली नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. शेजारच्या सिलिंडरात रिंगा गंजून चिकटल्या होत्या, त्यांनी बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नख अडकेल एवढे ओरखडे पाडले. सायलेन्सरमध्ये उंदरांनी सरकीसकट कापूस भरून ठेवला होता, ते वेगळंच.

माझी सवय अशी. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडायचं, वर चिंधी कोंबायची आणि आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही. मग प्लग न लावताच क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हातानं हलवून पाहायचं, थोडं इकडे, थोडं तिकडे. नाही हललं तर पुन्हा ऑइल, पुन्हा आठवडा. पान्याला लांब पाइप जोडून लटकणारेही भेटतात. त्यांना मी चहा पाजून घरी पाठवतो. इंजिन मोकळं फिरलं तरी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर खोलून तळाचा गाळ काढल्याशिवाय स्टार्टरला हात लावू देत नाही.

हेड 'साफ' करून आणणे

फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. कॉम्प्रेशन वाढवायला रेसवाल्यांनी ते बहुधा आधीच घासून घेतलेलं असतं. लेथवाल्याला हे कोण सांगणार? तो आणखी घासून चकचकीत करून देतो, तुम्ही खुश. मग मे महिन्याच्या उन्हात गाडी नॉक करायला लागते, इंजिनातून टकटक येते. आधी साध्या हेडशी जाडी ताडून पाहा. आणि इंजिन गरम असताना हेड कधीही खोलू नका, वाकतं.

खुणा पुसणे

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. पेडलला भोकं दिसली की डेंटर म्हणतो, "भाऊ, गंजलं, बुजवून देतो." अरे, ती वजन कमी करायला मुद्दाम पाडलेली भोकं आहेत, कडा घासून गोल केलेल्या दिसत नाहीत का? डॅशबोर्डवरचं जादा भोक टॅकोमीटरचं, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचं असतं, फ्लोअरवरच्या जाड पट्ट्या रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या पाइपांच्या सांगाड्याच्या. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर अशा गाड्या पळायच्या. तुमचीही तिथे पळाली असेल, तर तिचा पुरावा कागदापेक्षा या पत्र्यातच सापडेल. पण आमच्या लोकांना पांढरी शुभ्र, क्रोमची, वरातीत शोभेल अशी गाडी पाहिजे.

म्हणून सरसकट सँडब्लास्टिंग करू नका. दारांवर आधी ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून हलक्या हातानं फिरवा. एका फियाटच्या दारावर असं घासताना निळ्याखाली पांढरा गोल उगवला, त्यात काळ्या आकड्याची कड दिसली. तिथेच थांबलो, फोटो काढले, दोरीनं माप घेतलं. बुजवण्यालायक फक्त गंज, तोही पत्रा कापून नवा तुकडा लावून. गंजावर पुट्टी थोपणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता बाकीचं भराभर. उघडलेले सगळे नट एकाच डब्यात टाकू नका. बेअरिंग कॅप आणि पुशरॉड जिथले तिथेच गेले पाहिजेत. मास्टर सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल ओतू नका, रबर फुगतं आणि ब्रेक अडकतात. काळ्या मातीवर जॅक लावून गाडीखाली शिरू नका. खाली जाड फळी, वर घोडी (लोखंडी स्टँड), मगच आत. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वय पाहा. पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून वेल्डिंगला नेऊ नका, आतली वाफच भडकते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम आधीच बदला.

रंगाचं काम दिवाळी ते होळी. मे महिन्यात थिनर पत्र्यावर बसायच्या आधीच उडतो आणि रंग खरबरीत येतो, श्रावणात दमटपणानं पांढरट पडतो. लग्नसराईच्या आधी गाडी रंगवून मागणाऱ्याला मी दुसरा पेंटर शोधायला सांगतो.